जावयाची टीम आणि माझे मोदक

अगं, जावयाला कसा गप्प केला ते ऐक. अमेरिकेत शॉमबर्गला तेव्हा मी लेकीकडेच राहायचे. जावई शिकला त्या कॉलेजची फुटबॉल टीम स्वतंत्र खेळायची, कुठल्या कॉन्फरन्समध्ये, म्हणजे कॉलेजांच्या गटात, नव्हती. एका शनिवारी मॅच बघताना त्याचा मित्र म्हणाला, "नितीन, जॉइन करा यार. दरवर्षी मॅचेस तरी पक्क्या मिळतील."

जावई उसळला. "आणि नियम त्यांचे पाळायचे? कुणाशी खेळायचं ते आमचं आम्ही ठरवणार!"

मला पटलं. त्याच्या पोह्यांवर मूठभर खोबरं जास्त घातलं.

तेवढ्यात महाराष्ट्र मंडळाचा फोन आला. तो ठेवून जावई मला म्हणतो, "आई, गणपतीला वेगळे मोदक नका करू. मंडळाच्या मोदक कमिटीत या. सारण त्यांचं, माप त्यांचं."

मी झारा घेऊनच बाहेर आले. "जावईबापू, तुमची टीम मोकळी आणि माझ्या मोदकांना कॉन्फरन्स होय?"

मित्र सोफ्यावरून पडायचाच बाकी होता. जावयानं निमूट मंडळाला फोन लावला. "आई इंडिपेंडंटच राहतील."

गणपतीला कमिटीचे मोदक दोन ट्रे उरले. माझं मोदकपात्र रिकामं झालं, आणि ते घासलं जावयानं.