कोऱ्या टेकाडावरचं घर

सन्माननीय अध्यक्ष नागासे साहेब, व्यासपीठावरील मान्यवर पाहुणे, आजचे सत्कारमूर्ती कुवाबारा साहेब, तोयामाहून मुद्दाम आलेल्या त्यांच्या पत्नी शिझुएवहिनी, आणि नकाशा विभागातल्या माझ्या दमलेल्या मित्रमैत्रिणींनो,

पेले भरून झालेत, बियरचा फेस बसत चाललाय, आणि माझं भाषण संपेपर्यंत कुणाला घोट घेता येत नाही, याची मला जाणीव आहे. काय करू? मार्च महिना, बदल्यांचा आणि निवृत्त्यांचा. निरोपाची भाषणं करून करून माझा घसाही बसलाय आणि मनही. पण कुवाबारा साहेब निवृत्त होतायत, त्यांच्यासाठी बोलायलाच हवं.

परवा नव्या मुलांनी मला विचारलं, "जीआयएसमध्ये, या संगणकावरच्या नकाशांच्या कामात, नाव काढायचं तर राहायचं कुठे? तोक्योत की आपापल्या गावी?" अरे बाबांनो, कुठे राहायचं ते आपण ठरवतो, असं कुणी सांगितलं तुम्हाला?

साहेबांनी ठरवलं होतं. पूर, दरड, भूकंप, त्सुनामी, सगळ्या धोक्यांचे थर नकाशावर एकावर एक चढवून त्यांनी तोयामात घरासाठी जागा शोधली. सगळीकडे धोक्याचा रंग पसरला, एक टेकाड तेवढं कोरं पांढरं राहिलं. तिथे हौसेने घर बांधलं. आणि आपल्याकडे म्हणतातच ना, घराला कौलं चढली की बदली येते! आली. आधी तोक्यो, मग सेंदाई, फुकुओका, पुन्हा तोक्यो. मुलीची शाळा होती, वहिनी मागे राहिल्या.

बदलीची आपली रीत तुम्हाला ठाऊक आहे. वरिष्ठ आतल्या खोलीत बोलावतात, हळू आवाजात गावाचं नाव सांगतात, आणि आपण तिथल्या तिथे वाकून म्हणायचं, "होय, जातो." घरी नंतर सांगायचं. साहेबांनी ही रीत दर वेळी पाळली.

या जानेवारीत अध्यक्षांनी त्यांना पुन्हा बोलावलं. निवृत्तीनंतरही सल्लागार म्हणून तोक्योतच राहा, म्हणाले. मीही त्या खोलीत होतो. साहेब वाकले आणि म्हणाले, "घरी विचारून सांगतो." अध्यक्ष महाराज, माफ करा, पण तुमचा तेव्हाचा चेहरा मी जन्मात विसरणार नाही! त्या खोलीत असं कुणी बोललंच नव्हतं हो.

पुढचं मला साहेबांनीच सांगितलं. वहिनी, रागावू नका. यांनी फोन केला, "तोक्योत राहू की घरी येऊ? तू सांग."

"अगंबाई, मला विचारताय? बरं नाही का तुम्हाला?"

"बरा आहे गं. सांग ना."

मग वहिनी म्हणाल्या, "या. पण टेकाडावर नको. तिथला बर्फ उपसून माझे गुडघे गेले. खाली नदीजवळ तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या बघून ठेवल्यात."

साहेबांनी पत्ता नकाशावर टाकला. गडद निळा! पूर आला तर रस्त्यावर कमरेच्या वर पाणी. तो निळा रंग खुद्द साहेबांनी भरलेला.

"अगं, ते निळ्यात येतंय!"

"येऊ दे. निळ्यात दवाखाना आहे, मासळीवाली आहे, माझ्या मैत्रिणी आहेत. तुमच्या पांढऱ्यात इतकी वर्षं मी एकटी होते हो."

साहेबांनी दुसऱ्याच दिवशी नकार कळवला आणि त्या खोल्या घेतल्या. आता दाराशी पुराच्या वेळी उचलायची पिशवी टांगणार आहेत म्हणे. सवय जाते का?

तर मुलांनो, कुठे राहायचं ते मलाही सांगता येणार नाही. मी स्वतःच बदल्यांनी थकलोय. एवढंच म्हणतो, वाकून 'होय' म्हणण्याआधी घरी विचारा.

अध्यक्षांचे, पाहुण्यांचे आणि पेल्याला हात न लावता ऐकून घेणाऱ्या सगळ्यांचे आभार. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर पोटात घाला. फक्त वहिनी, तुम्ही नको. तुमचा माणूस आम्ही तरुणपणी नेला आणि म्हातारा करून परत देतोय. ते पोटात घाला, असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही.