पॉइंट दोन माणूस

— थांबा थांबा साहेब, परत सांगा. दोनशे कॉम्प्युटरमागे एक माणूस? वा! आणि आमच्याकडे आहेत सहाशे चाळीस, म्हणजे तीन पॉइंट दोन माणसं. कॅल्क्युलेटर झकास आहे हो तुमचा. पण मला एक सांगा, हा पॉइंट दोन माणूस असतो कसा? नुसता हात आला तर चालेल? चालेल की, उत्तम, डोकं इथे लागतंय कोणाला! बसा ना. त्या खुर्चीवर नको, तिचा पाय मोडलाय, दुरुस्तीचा अर्ज गेलाय वर — वर म्हणजे देवाकडेच बहुतेक. या इकडे बसा. तर कॉम्प्युटर सांभाळणारे आम्ही चौघं, आणि हेड ऑफिसने तुम्हाला धाडलंय की यातला एक जास्तीचा आहे, तो शोधून काढा. शोधा की. आमची काही हरकत नाही, सोमवारपासून शोधताच आहात.

तक्रारी मोजायच्या? मोजा ना. फोन आला, तक्रार नोंदवली, काम झालं, ज्याने केलं त्याचं नाव टाकून बंद केली — झाला एक आकडा. सोपं आहे. आता ऐका. दुसऱ्या मजल्यावरचं नेटवर्क रोज दुपारी एकला बंद पडायचं आणि दीडला आपलं आपण चालू. तीन दिवस आम्ही वायर न् वायर तपासली, मी तर टेबलांखाली इतकी रांगले की गुडघे सोलून निघाले. चौथ्या दिवशी कपाटाआड डबा घेऊन बसले — तर कोण येतं? खुद्द उपव्यवस्थापक! इकडे बघितलं, तिकडे बघितलं, आमच्या नेटवर्कच्या पेटीची पिन काढली आणि स्वतःचा मोबाईल लावला चार्जिंगला. चार दिवसांचं काम, तुमच्या कागदावर किती? एक. आणि सहाव्या मजल्यावर मोठ्या साहेबांच्या कीबोर्डवर फाइल पडली होती, ती मी उचलून बाजूला ठेवली — तेही एक. त्याचं तर आभाराचं पत्र आलं, बोला! उपव्यवस्थापक मात्र अजून माझ्याशी बोलत नाहीत.

काय म्हणालात? आजोबा? वाटलंच मला. पांढरे केस दिसले की तुम्हा लोकांची पेन्सिल लगेच तिकडे वळते. आजोबा म्हणजे माझे नव्हेत हो, सगळ्या ऑफिसचे. इथे लागले तेव्हा टाइपरायटर दुरुस्त करायचे, आता कॉम्प्युटर करतात. पण त्यांचा आकडा बघा की आधी! दिवसाला एकोणीस. एकोणीस, साहेब! आम्हा तरण्यांना लाज वाटावी. कितीही तापलेला माणूस असू दे, आजोबा शेजारी जाऊन बसले, "काय झालं बाळ" म्हणाले, की निम्मी तक्रार तिथेच मिटते. त्यांच्याशिवाय चालायचंच नाही. मला विचारा ना, दोनला ते घरी गेले की इथे माझा कसा जीव जातो ते — घरी म्हणजे — म्हणजे मजल्यावर हो. मजले हेच त्यांचं घर. ते लिहू नका.

तुम्ही लिहिलंत.

काय दाखवताय? ही गेटवरची नोंद कुठून आणलीत? दोन वाजून पाच, बाहेर. बरं. आणि त्यांच्या नावावर तक्रार बंद झाली चार वाजून दहाला. बरं बरं, कळलं, मला घड्याळ समजतं. हो, जातात ते! सहा महिने झाले. आजींना, त्यांच्या बायकोला, काही आठवत नाही आता. स्वतःचं नाव नाही, पोटच्या मुलीचं नाही, यांना तेवढं ओळखतात. सांभाळायला बाई आहे, ती हल्ली अडीचला निघते, तिला दुसरं घर धरलेलं आहे. पहिल्यांदा ती अशी निघून गेली तेव्हा हे इथेच होते, तर आजी जिन्यात अनवाणी उभ्या, येईल-जाईल त्याला विचारतायत, आमचे हे दिसले का हो? आजोबा हे सांगताना या इथे रडले, साहेब. मग मीच म्हटलं, जा तुम्ही, दुपारचं मी बघते. आता आकडा नको का दिसायला? मग माझ्यातल्या थोड्या तक्रारी टाकल्या त्यांच्या नावावर. थोड्या म्हणजे हाताला येतील तेवढ्या. निवृत्तीला सव्वा वर्ष राहिलंय त्यांच्या. आत्ता काढलंत तर पेन्शनवर पाणी सोडावं लागेल. म्हणून सांगते, दुसरं कोणाचं तरी नाव घ्या.

घेतलंय? आधीच? कोणाचं? बघू तो कागद. बघू म्हणते ना! सगळ्यात खाली कोण आहे... दिवसाला चार? शी! चार तक्रारी करून पगार घेतो? कोण हा ऐतखाऊ —

हं.

नाही, काही नाही. पाणी नको. हसू येतंय हो, दुसरं काय येणार? माझ्या आईला वाटतं मी इथली साहेब आहे, दोघींचं घर माझ्यावर चालतं, आणि मी आपली रोज मन लावून स्वतःलाच खाली ढकलतेय! शाब्बास म्हणा ना. थांबा, म्हणजे खरं लिहिलंत तर आजोबा जाणार, आणि आहे ते राहू दिलंत तर मी. आणि चौघंही लागतात असं लिहायला तुमच्या फॉर्ममध्ये जागाच नाही, केवढा सुबक फॉर्म आहे! मग मला कशाला विचारताय कोणाचं लिहू म्हणून? इतकं शिकलात ते —

एक मिनिट, फोन. हॅलो? बोला. चौथा मजला. स्क्रीन काळी? घाबरू नका, मागे हात घाला, जाडी वायर आहे ना, ती दाबा. अजून जोरात. आलं? आलं ना. ठेवते.

झालं. दीड मिनिट. चार वाजून बावीस. आता नाव टाकून बंद करायची. असे वाकून काय बघताय, दिसतंय तिथूनही — आजोबा. टाकलं. नीट वाचलंत? मग घ्या उतरवून, आणि उठा आता. आजोबांच्या आज अजून सात व्हायच्यात.