सहाव्या भागाला एक तारा

...आणि वर मलाच विचारतात, "यात मी चुकीचं काय लिहिलं?" म्हणजे बघा! अहो, चूक की बरोबर ही नंतरची गोष्ट, मुळात मत मागितलं होतं का कुणी? नव्हतं! पुस्तक घेतलंत, वाचलंत, नाही आवडलं, तर मिटायचं आणि कपाटात ठेवून द्यायचं, इतकं साधं आहे, पण आमचे हे! तुम्हाला सांगते, यांचं चष्म्याचं दुकान आहे. हे आत पडद्यामागे डोळे तपासतात, मी बाहेर काउंटरवर फ्रेमा दाखवते. दिवसभर यांचं आपलं एकच, "वरची ओळ वाचा... आता खालची... आता स्पष्ट दिसतं, की मघाशी दिसत होतं?" सगळा जन्म दुसऱ्यांची मतं विचारण्यात गेला, मग स्वतःची आतल्या आत साचणारच ना! आणि ती साचलेली सगळी बाहेर पडली कुठं? तर एका कादंबरीच्या सहाव्या भागावर!

'बारा वेशी' म्हणून मालिका आहे. एक शहर, त्याला बारा वेशी, प्रत्येक वेशीबाहेर निराळंच जग, कुठं नुसता बर्फ, कुठं बोलणारी झाडं, आणि वेशी राखणारी एक मुलगी, तिच्या खांद्यावर ससाणा. हे मला कसं माहीत? अहो, जेवताना दुसरा विषयच नाही! "अगं, तिनं आज पाचवी वेस उघडली!" मी म्हटलं, "आपल्या न्हाणीघराचं दार फुगून बसलंय, ते कुणी उघडायचं?" ऐकतंय कोण! पाच भाग या माणसानं इतक्यांदा वाचले की पुस्तकांच्या पाठी निघाल्या. आणि मग लेखिका झाल्या गप्प. एक वर्ष गेलं, दोन गेली, करता करता सहा वर्षं गेली! यांनी वाट बघितली हो, खरंच बघितली. आमच्या लग्नाची तारीख विसरले असतील, पण सहाव्या भागाची नाही.

आला एकदाचा सहावा भाग. तपासायच्या टेबलाखाली मांडीवर पुस्तक, वर तोंड गिऱ्हाइकाकडे, आणि चेहरा असा की जणू फार लक्ष देऊन ऐकतायत! एका गृहस्थांना भलत्याच कुणा आजींचा चष्मा घालून पाठवलं. ते बिचारे बाहेर जाऊन दिव्याच्या खांबाला "माफ करा हं" म्हणून परत आले!

तिसऱ्या दिवशी पुस्तक संपलं. हे असे बसले की घरात काही वाईट बातमी आलीय की काय असं वाटावं. मी भीत भीत विचारलं, "संपलं?"

"संपवलं त्यांनी."

"म्हणजे शेवट झाला?"

"शेवट कसला, वाट लागली!"

आणि सुरू! ससाणा पाचव्या भागापर्यंत राखाडी होता, तो आता तपकिरी कसा? नववी वेस उत्तरेला होती, ती पूर्वेला कुणी नेली? आणि मधली दोनशे पानं ती मुलगी गुहेत, काळोखात. "दोनशे पानं! नुसते आवाज आणि वास! पाणी टपकतंय, कुणीतरी चालतंय, ओल्या लोकरीचा वास येतोय... अगं, पण दिसत काहीच नाही! आधीच्या भागांत काय रंग होते, काय आकाश होतं!" मी म्हटलं, "वाईट झालं हो," आणि भाजी चिरायला गेले. मला वाटलं, मिटलं.

कुठलं मिटतंय! फोनवर ती वाचकांच्या मतांची जागा असते ना, तिथं हे गेले. मी वाचलीत तिथली मतं, एकेक नग आहे. "पाच तारे. अजून वाचलं नाही, कव्हर सुंदर." दुसरा म्हणतो, "पुस्तकाचा कोपरा दुमडलेला आला. एक तारा." एक बाई लिहितात, "आधीचे पाच भाग वाचले नाहीत, त्यामुळे काही समजलं नाही. दोन तारे." आता या जत्रेत शहाण्या माणसानं शिरावं का? मत मागितलं होतं का कुणी? नव्हतं! पण हे शिरले. नाव काय घेतलं? गरुडदृष्टी! आणि उभ्या उभ्या, दोन्ही अंगठ्यांनी, जन्माचं वैर असल्यासारखं लिहिलं. ससाणा लिहिला, वेस लिहिली, आणि शेवटी, तुम्हाला सांगायलाही मला लाज वाटते, शेवटी लिहिलं, "बाईंनी आधी डोळे तपासून घ्यावेत, मग लेखणी उचलावी. दोनशे पानं नुसता अंधार विकलाय आम्हाला." एक तारा!

आणि लोकांना आवडलं हो! पटापट अंगठे पडायला लागले. हे दात घासताना फोन बघतायत, तोंडात फेस, "अगं, चारशे लोकांना पटलं!" मी म्हटलं, "त्यातला एक तरी आपल्याकडे डोळे तपासायला येणार आहे का?"

चारशेतलं कुणी आलं नाही. जे यायचं ते आलं.

एका दुपारी एक बाई आल्या. साठीच्या आसपासच्या, नीटनेटक्या, भाचीच्या कोपराला धरून. माझ्याशी बोलताना माझ्याकडे न बघता माझ्या कानाच्या बाजूला बघत होत्या, त्यावरून मी ओळखलं, यांच्या नजरेच्या मधोमध डाग पडलाय, कडेकडेचं तेवढं दिसतंय. डोळ्यांच्या इस्पितळातून पाठवलं होतं. नंबर वाढवून उपयोग नाही, दिव्याचं मोठं भिंग बघा, म्हणून. आमचे हे कामात मात्र फार हळुवार, ते मान्य करायला हवं. हात धरून खुर्चीत बसवलं, उजेड डोळ्यांवर येणार नाही असा वळवला, आणि नेहमीसारखं विचारलं, "वाचायचं, लिहायचं काम बरंच असतं का?"

भाची म्हणाली, "मावशी लिहिते ना. 'बारा वेशी' तिचीच."

मी बाहेर फ्रेमा पुसत होते. आत काहीतरी खळ्ळकन पडलं.

अहो, पुस्तकावर फोटो नाही, नाव टोपणनाव, ओळखणार कसं? मी पडद्याच्या फटीतून पाहिलं. हे खाली वाकून काच शोधतायत, काच समोर पडलीय आणि यांना दिसत नाहीये! कान लालभडक. मला वाटलं, आता हे पडद्यातून बाहेर येतील ते थेट रस्त्यावरच जातील.

पण बाई आपल्या मोकळेपणानं बोलतच होत्या. "सहा वर्षं लागली हो मला या भागाला. हळूहळू दिसेनासं होत गेलं. मी तोंडी सांगते, ही लिहून घेते. मागचं पान उलटून बघता येत नाही, मग चुका राहतात. ही मला वाचकांची मतं वाचून दाखवते. बहुतेक जण छान म्हणतात, अप्रतिम म्हणतात, संपलं. पण एक आहे, गरुडदृष्टी म्हणून! काय वाचतो तो माणूस! ससाण्याचा रंग बदलला, वेस सरकली, त्यानं एकट्यानं पकडलं. कडक आहे, पण प्रामाणिक. असा माणूस पुढच्या भागाला हाताशी मिळाला तर काय हवं!"

आता तुम्ही सांगा, अशा वेळी माणसानं काय करावं? मनातल्या मनात देवाचे आभार मानावेत आणि गप्प राहावं! आमचे हे गप्प राहिले? मी फटीतून बघतेय तर मान ताठ, पोट आत, घसा खाकरला, आणि चेहऱ्यावर ते हसू आलं, जे शाळेत बक्षीस घ्यायला जाताना येतं ना, तस्सं! "त्याचं काय आहे बाई," हे म्हणतायत, "की तो गरुडदृष्टी..." मी बाहेरून फ्रेमांचा डबा धाडकन आपटला. मनातल्या मनात म्हटलं, अहो, नका सांगू! मत मागितलं होतं का कुणी? नव्हतं! आता कबुलीसुद्धा कुणी मागितली नाहीये!

तेवढ्यात बाईच म्हणाल्या, "थांबा हं. हेच ना ते भिंग? मग मी आधी त्या गरुडदृष्टीचंच वाचते. इतके दिवस हिच्या तोंडून ऐकलं, आता माझ्या डोळ्यांनी वाचू दे."

भाचीचा चेहरा पांढराफटक. "मावशी, आपण तक्ता वाचूया ना? हा भिंतीवरचा..."

"तक्ता माझ्या पुस्तकावर लिहिलेला नाही."

"मग ते दुसरं वाच, कव्हर सुंदर म्हणणारं..."

"फोन दे इकडे."

आणि मग काय सांगू तुम्हाला! फोनवर यांचंच मत, त्यावर भिंग, आणि भिंग धरायचं कुणी? यांनीच! कामच ते! "जरा जवळ आणतो... आता दिसतं?" "दिसतं. 'स... सा... णा...' वा!" एकेक अक्षर मोठं होऊन समोर येतंय, बाई लहान मुलीच्या उत्साहानं वाचतायत, आणि यांचा हात थरथरतोय, त्याबरोबर अक्षरं थरथरतायत. "हलवू नका हो, चांगलं चाललंय माझं!" ससाणा झाला. वेस झाली. "बा... ईं... नी... आ... धी..." हे घामानं निथळतायत. "डो... ळे..."

अख्खं वाचलं त्यांनी. अंधार विकलाय, इथपर्यंत.

मग फोन मांडीवर पालथा ठेवला.

भाची रडवेली झाली, "मी ते गाळायचे गं, मावशी."

"असं होय," बाई म्हणाल्या. "अजून काय काय गाळलंस?"

तुम्हाला सांगते, या माणसाशी संसार करून माझे केस पिकले, पण यांचा तसा चेहरा मी कधी पाहिला नव्हता. भिंग खाली ठेवलं. ते बुटकं स्टूल असतं ना तपासायचं, त्यावर बसले, म्हणजे कोसळलेच. आणि म्हणाले, "बाई, ते मी लिहिलंय. तो गरुडदृष्टी मी."

भाची ताडकन उभी राहिली. हे खिसे चाचपतायत, "मी काढून टाकतो, आत्ता, तुमच्यासमोर..." फोन काढला, चष्म्यावर वाफ धरलेली, बोटं भलतीकडेच पडतायत, पुसून टाकायचं बटण काही सापडेना! शेवटी त्या चिडलेल्या भाचीनंच दात आवळून सांगितलं, "वरची तीन टिंबं दाबा."

"थांबा," बाई म्हणाल्या. "तुमचं मत बदललंय?"

यांचं बोट त्या टिंबांवर तसंच.

"पुस्तकाबद्दल विचारतेय. मत बदललंय, की नुसती लाज वाटतेय?"

यांना खोटं बोलता आलं असतं हो. एका शब्दाचं काम होतं. पण हे म्हणाले, "लाज वाटतेय."

"मग राहू दे ते," बाई म्हणाल्या. "डोळे अधू आहेत म्हणून पुस्तक चांगलं, असं नको मला." भिंग घेतलं, पिशवीत नीट ठेवलं, आणि माझ्या कानाच्या बाजूला बघून म्हणाल्या, "येते हं." यांच्याशी बोलल्या नाहीत. का बोलतील?

त्यानंतरचे दिवस विचारू नका. दुकानावर पाटी आहे, तिच्यावर मोठा डोळा रंगवलाय. हे तिच्याखालून जाताना मान खाली घालायचे! गिऱ्हाइकाला "स्पष्ट दिसतं का" विचारायचं म्हटलं की जीभ अडायची. एकाला तर म्हणाले, "तुम्हाला जसं दिसतंय तसं असू द्या, मी कोण सांगणार?" गिऱ्हाईक उठून गेलं! लाजेपोटी न्हाणीघराचं दारसुद्धा रंधा मारून सरळ केलं, म्हणजे विचार करा माणूस किती खचला असेल! "त्यांच्या डोळ्यांचं तुम्हाला कुठं माहीत होतं?" मी समजूत घालत होते. तर म्हणतात, "माहीत नव्हतं म्हणून काय झालं? मला मजा आली होती ते वाक्य लिहिताना." मजा आली होती, मी बघितली होती, तोंडाला फेस होता तेव्हाही हसत होते!

एका रविवारी दुपारी आडवे झाले, डोळ्यांवर रुमाल टाकला आणि म्हणाले, "अगं, ती गुहेतली पानं मला वाचून दाखव."

म्हटलं, दोनशे?

"जमतील तेवढी."

वाचत बसले. मला कसली वेस नि कसली गुहा, पण वाचलं. पाणी टपकतंय, कुणीतरी चालतंय, एक पाऊल पडतं, दुसरं घासत येतं. पुन्हा वाचलं, पुन्हा तेच, पडतं, घासत येतं. आणि हे रुमालाखालून एकदम म्हणाले, "तिची आई आहे गं ती!"

"कोण?"

"चालतेय ती! पहिल्या भागात बर्फात हरवलेली आई, तिचा एक पाय अधू होता. बाईंनी कुठंच सांगितलं नाहीये, नुसतं ऐकवलंय. मी डोळ्यांनी पळत सुटलो होतो, मला ऐकूच आलं नाही..." रुमाल ओला झाला होता. मी पाहिलं नाही असं दाखवलं आणि पान उलटलं.

आता मत बदललं, खरोखर बदललं, तर स्वतःशी ठेवावं ना! मत मागितलं होतं का कुणी? नव्हतं! पण यांनी दुसरं मत लिहिलं. चार तारे. पाच नाहीत, कारण ससाणा तपकिरी तो तपकिरीच, तिथं हे हटेनात. आणि त्यात सगळं, स्वतःच्या लाजेसकट, आई, पाऊल, गुहा, 'माझ्यासारख्या डोळस माणसाला' वगैरे वगैरे, फोनवर बोट सरकवून सरकवून दुखायला लागावं इतकं! लोकांनी फाडून खाल्लं. "गरुडदृष्टी विकला गेला." "लेखिकेचा जावई दिसतोय." पहिल्या मताला अंगठा दिलेले परत घेऊन गेले. हे म्हणाले, "घेऊ देत. मला फक्त बाईंपर्यंत पोचायचं होतं."

पोचलं. परवा दुकानात फोन आला, बाईंचाच. हे उभे राहून बोलले, जणू बाई समोरच आहेत. "हो... हो, मीच... वाचलंत? भिंगातून? सगळं?... हो... हो... असं होय... बरं." ठेवला फोन.

मी म्हटलं, "काय म्हणाल्या? माफ केलं?"

"ते काही बोलल्या नाहीत. पुढच्या भागातला ससाणा तपासायला बोलावलंय."

"मग तोंड का पाडलंय?"

"म्हणाल्या, पहिलं मत बांधेसूद होतं हो तुमचं. दुसरं जरा लांबलंय."

हे काचा पुसायला बसले. मग हळूच मला विचारतात, "खरंच लांबलंय का गं? तू वाचलंयस ना पूर्ण?"

आता काय सांगायचं या माणसाला? म्हटलं, "छान आहे हो. अप्रतिम." अहो, अर्ध्यातच सोडलं होतं मी!