मैलभरातलं दुकान

अर्नेस्टीन : कोबी खालच्या फळीवर नको ठेवूस, क्लीओफस. दारातून पाऊल टाकलं की नजरेत भरायला हवा.

क्लीओफस : आता तू मला दुकान मांडायला शिकव. शाळेत माझ्या मागं बसून गणितं उतरवून घ्यायचीस, विसरलीस का?

अर्नेस्टीन : भांडायचं ते नंतर भांड. आधी दारावरची पाटी काढ. ‘महिनाअखेर दुकान कायमचं बंद.’ उद्या सकाळी सरकारी माणूस येईल तो पहिल्यांदा तीच वाचेल.

क्लीओफस : पाटी काढून काय होणार? मांसाचा फ्रीज विकून झाला, फळ्या ओक्याबोक्या पडल्यात. आणि तुम्ही बाप्टिस्ट चर्चच्या बायका सकाळपासून पिशव्या भरभरून भाजी आणून टाकताय. एवढी आणली कुठून?

अर्नेस्टीन : मिळाली तिथून.

क्लीओफस : हायवेवरच्या मोठ्या दुकानातून. त्यांचा निळा रबर आहे जुडीला. ज्यानं माझं गिऱ्हाईक खाल्लं, त्याचीच भाजी माझ्या फळीवर! चर्चला जाणाऱ्या बायका तुम्ही, लाज कशी वाटत नाही?

अर्नेस्टीन : वाटते. तरी मांडतेय ना? तो रबर काढून टाक.

क्लीओफस : मला एकदा सरळ सांग. तुमच्या चर्चच्या जागेवर घरं बांधायची, त्यात माझ्या दुकानाचा काय संबंध?

अर्नेस्टीन : ऐक. राज्य सरकार घरांसाठी रोख पैसा देत नाही, बिल्डरला करात सवलत देतं. बिल्डर ती सवलत बँकेला विकतो. बँकेचा कर वाचतो, आणि बँकेनं दिलेल्या पैशातून घरं उभी राहतात. बदल्यात भाडं गरिबाला परवडेल एवढंच ठेवायचं.

क्लीओफस : म्हणजे न भरलेला करसुद्धा विकता येतो? आणि मी वेडा जन्मभर टोमॅटो विकत बसलो!

अर्नेस्टीन : हस, हस. पण ती सवलत सगळ्यांना पुरत नाही. म्हणून जागेला गुण देतात. जवळ दवाखाना असला की गुण, शाळा असली की गुण. मैलभरात ताजी भाजी, दूध, मांस मिळणारं दुकान असलं की गुण. गेल्या खेपेला आपलं एका गुणानं हुकलं. यंदा हुकलं तर बिल्डर दुसरं गाव बघणार, तसं तोंडावर सांगून गेलाय.

क्लीओफस : बघू दे. या गावात राहायला येणार आहे कोण?

अर्नेस्टीन : माझी लेक रनिटा येणार आहे. दोन पोरींना घेऊन मोटेलच्या एका खोलीत राहते ती. दिवसभर इस्पितळात चादरी बदलते आणि सगळा पगार मोटेलवाल्याच्या घशात घालते. माझ्या ट्रेलरच्या डब्याएवढ्या घरात मलाच धड कूस बदलता येत नाही, त्यांना कुठं घेऊ? धाकटी परवा फोनवर विचारत होती, आजी, नव्या घराला आतून कडी असेल ना? मी म्हटलं, असेल. शब्द देऊन बसलेय मी, क्लीओ.

क्लीओफस : हे तू मला आधी का नाही सांगितलंस?

अर्नेस्टीन : आता सांगतेय ना.

क्लीओफस : आता नाही गं. आधी. उन्हाळ्यात, अर्ज केलात तेव्हा.

अर्नेस्टीन : कुठल्या तोंडानं येणार होते? तुझ्याकडची खरेदी मी कधीच सोडली. तिकडं स्वस्त मिळतं म्हणून तिकडं जायला लागले. तू दारात उभा दिसलास की मी पलीकडच्या गल्लीनं जायची.

क्लीओफस : माहीत आहे मला. तुझी गाडी दिसायची.

अर्नेस्टीन : दिसायची तर हाक का नाही मारलीस?

क्लीओफस : हाक मारून काय म्हणणार होतो, कांदे घे म्हणून?... अर्नेस्टीन, जरा बस इथं. त्या खोक्यावर बस.

अर्नेस्टीन : बसायला वेळ कुठाय? रताळी मांडायची राहिलीत.

क्लीओफस : बस म्हणतो ना. मागच्या आठवड्यात एक फोन आला होता. कुणी मुलगी होती, फार गोड बोलली. दुकानात ताजी भाजी मिळते का, म्हणाली. मी म्हटलं, होती तेव्हा मिळायची. मांस? म्हटलं, फ्रीज विकला. पुढच्या वर्षी दुकान चालू असेल का? म्हटलं, नाही बाई, किडन्या गेल्यात, मी मुलीकडं अटलांटाला चाललोय. तिनं सगळं लिहून घेतलं. वर म्हणाली, तब्येतीला जपा.

अर्नेस्टीन : कुठून बोलत होती?

क्लीओफस : राज्याच्या गृहनिर्माण कचेरीतून. नाव सांगितलं होतं तिनं. मला वाटलं, कसली तरी पाहणी असेल. मला कुठं ठाऊक होतं, गं?

अर्नेस्टीन : मग उद्याचा माणूस?

क्लीओफस : येईल, फोटो काढेल आणि जाईल. उत्तर त्यांच्याकडं आधीच पोचलंय.

अर्नेस्टीन : परत फोन कर. सांग, विचार बदलला, दुकान चालू ठेवतोय.

क्लीओफस : करतो. आत्ता करतो. नंबर दे.

अर्नेस्टीन : आणि ठेवशील चालू?

क्लीओफस : ...आठवड्यातून तीनदा मला मशीनला लावतात. माघारी येतो तेव्हा जिना चढवत नाही.

अर्नेस्टीन : मग राहू दे. खोटं नको बोलूस.

क्लीओफस : एवढा भाजीपाला मांडलास तो खोटा नव्हता का?

अर्नेस्टीन : तो खोटेपणा माझा होता. तू कशाला तोंडाला काळं फासून घेतोस? तू खरं तेच सांगितलंस. मीच आले नाही. एकदा येऊन दोन कांदे घेतले असते, तरी बोलण्यात निघालं असतं सगळं.

क्लीओफस : रडू नकोस, अर्नेस्टीन.

(अर्नेस्टीनचा फोन वाजतो.)

अर्नेस्टीन : रनिटा आहे.

क्लीओफस : नको उचलूस. उद्या सांग.

अर्नेस्टीन : उचलायला हवा. सुट्टीच्या वेळात करते ती... हॅलो, बाळा. हो, दुकानातच आहे, क्लीओकाकांकडं. झालं गं सगळं. काय सांगू तुला, दुकान कसं अगदी भरलेलं दिसतंय.