वायसालो आणि सातचा आकडा

...आणि वर मलाच म्हणतात, खात नाहीस! अहो, पोरगं होऊन अडीच महिने झाले, तुम्हाला सांगते, या अडीच महिन्यांत अख्ख्या गावानं मला वायसालो पाजलंय! कोवळ्या नारळाची साय, साबुदाणा, वर साखर... बाळंतिणीला अमृतच ते, कबूल! पण पोटुशी असतानाच माझी साखर वाढलेली, त्याचं काय? नर्स इलिसापेता दर खेपेला दटावते, "लेमा, तारोचा कंद मुठीएवढाच, भात त्याहून कमी, आधी मासा नि पालेभाजी खा, रोज चाल! बाळ अडीच महिन्यांचं झालं की उपाशीपोटी रक्त बघणार. सातच्या वर गेलीस तर गोळ्या सुरू!" आमच्याकडं साखर शे-दीडशेत नाही, पाच-सातात मोजतात. माझ्या आईचा पाय साखरेनं गेलाय हो. मला या पोरामागं धावायचंय!

पण सासूबाईंना सांगा! "एका वाटीनं काय होतंय?"

एक वाटी? शेजारच्या पेनिनाची एक, चुलतसासूची एक, चर्चच्या पाळकाच्या बायकोची तर डेचकीच! आणि सासूबाईंचा नियम असा, की आलेलं भांडं रिकामंच परत गेलं पाहिजे, नाहीतर त्या घराचा अपमान. बरं, आमचं घर म्हणजे नुसते खांब नि वर छप्पर, भिंत औषधाला नाही! लपवू कुठं? एकदा कुत्र्यापुढं ठेवलं, तर रस्त्यावरून पेनिना ओरडली, "काय गं लेमा, कुत्रा बाळंत झालाय का?"

शेवटी नवऱ्याला, फेटूला, गाठलं. म्हटलं, बाबा, तूच पी! तो बाळाला खेळवायचं सोंग करून माझ्याशेजारी बसायचा नि सुर्रर्र... वाटी साफ! रविवारी चर्चहून आल्यावर माझ्या पानातला तारोसुद्धा त्याच्याच पोटात. मी आठ किलो उतरले, आठ! सासूबाई खूष, "बघ, एका वाटीनं काय होतंय? उलट बारीक झालीस!"

परवा सोमवारी दवाखान्यात मी डोळे मिटून बोट पुढं केलं... आणि आकडा आला, पाच! मी नाचले, इलिसापेता नाचली, त्या भरात सोबत आलेल्या फेटूनंही बोट पुढं केलं, "माझंही बघ गं, गंमत म्हणून." तिनं बघितलं. पुन्हा बघितलं.

चौदा!

घरी येऊन सगळं कबूल केलं. सासूबाईंनी कपाळ बडवून घेतलं, रडल्या, आणि जन्मात पहिल्यांदा म्हणाल्या, "आजपासून माझ्या लेकाला गोडाचा थेंब नाही!" मला काय आनंद झाला म्हणून सांगू! सुटलो एकदाचे! तोच पाळकाच्या बायकोची डेचकी हजर.

मी विचारलं, "मग हे परत पाठवू?"

"परत? वेडी का तू? तुझा आकडा चांगला आलाय ना? मग त्याच्या वाटचंही आता तूच संपव. एका वाटीनं काय होतंय?"

तुम्हाला सांगते... मी नापासच व्हायला हवं होतं!