सासूसकट हजेरी

अगं, शारजात मी कॉम्प्युटर शिकवायचे ना, तिथल्या उम्म सैफचं तुला सांगितलंच नाही मी. उम्म सैफ म्हणजे सैफची आई. लोकल बाई, नवरा गेलेला, घर सरकारी मदतीवर चालायचं. तेवढ्यात नवा नियम आला. धडधाकट असाल तर काम करा, नाहीतर काम शिका, नाहीतर मदत बंद. म्हणून तिचं नाव माझ्या क्लासला आलं.

पहिले चार दिवस ती फिरकलीच नाही. मदतीच्या ऑफिसला हजेरी मीच कळवायची, म्हणून काळजीने फोन केला.

पाचव्या दिवशी आली, ती व्हीलचेअर ढकलत. खुर्चीत नव्वदीची सासू!

"टीचर, मैं इधर बैठेगा तो इसको पानी कौन देगा?"

मी बसवलं दोघींना. एका हाताने ती टाइप करायची, दुसऱ्याने सासूला खजूर भरवायची.

पंधरा दिवसांनी ऑफिसातून मॅडम तपासायला आल्या. "या कोण?"

उम्म सैफ उभी राहिली. अरबीतच बोलली, तेवढं मला कळत होतं. "तुम्ही काम विचारता ना? हे माझं काम." तिने सासूच्या खांद्यावर हात ठेवला.

मॅडमनी सासूची विचारपूस केली, मग फॉर्मवर लिहिलं, 'घरी आजारी माणूस. क्लासची सक्ती नाही. मदत चालू.'

उम्म सैफने रडत मला मिठी मारली आणि खुर्ची दाराकडे वळवली. म्हातारीने चाकच धरलं.

"तू जा घरी," ती सुनेला अरबीत म्हणाली. "मला इथेच बरं वाटतं."