पिवळ्या गटाचा उत्साह

...नाही, मला एक सांगा, उत्साह ही काय काट्यावर मोजायची गोष्ट आहे का हो? याचा इतका, त्याचा तितका, आणि ज्याचा कमी भरेल त्याच्या खोलीवर टाच! उत्साह म्हणे! तुम्हाला सांगते, बावीस वर्षं मी या हायस्कुलात ग्रंथपाल आहे, बावीस वर्षांची माझी सगळी नोकरी एका 'शूऽऽ, हळू!'मध्ये मावते, आणि शाळेत जोश आणायला गटप्रमुख म्हणून हेडसरांना नाव कुणाचं सुचावं? माझं!

त्याचं असं झालं, हेडसर कुठल्याशा शिबिराला जाऊन आले. माणूस शिबिराहून आला की चार दिवस त्याच्या वाटेला जाऊ नये, पण हे आले ते थेट सभेतच, आणि टेबलावर थाप मारून म्हणाले (हेडसर थोडं नाकातून बोलतात बरं का), "मंडळी, आपल्या शाळेत सगळं आहे, पण जोश नाही! यापुढे दर शुक्रवारी शेवटचे दोन तास मौजेचे खेळ! सगळी मुलं खेळणार, हार-जीत मोजायची नाही, मोजायचा फक्त उत्साह!" आता उत्साह मोजायचा कसा? तर म्हणे विज्ञानाच्या सरांनी एका खोक्याला काटा बसवून आवाज मोजायचं यंत्र केलंय, त्याच्यासमोर गटानं ओरडायचं, काटा जितका वर तितका उत्साह जास्त! उत्साह म्हणे! आणि जाता जाता वर काय, "खेळाच्या सामानाला जागा नाही, तेव्हा महिनाअखेरीच्या रस्सीखेचीत ज्या गटाचा काटा सगळ्यात खाली, त्या गटप्रमुखाची खोली सामानाला!"

आता तुम्हीच बघा. लाल गट पीटीच्या सरांचा, त्यांना मुळात खोलीच नाही, ते शिट्टी गळ्यात अडकवून झाडाखाली असतात. हिरवा संगीताच्या बाईंचा, त्यांच्या खोलीतल्या भिंतींना कान असते तर एव्हाना बहिरे झाले असते. निळा गणिताच्या सरांचा, ते नुसते समोर उभे राहिले तरी मुलं किंचाळतात. मग खोली जाणार कुणाची? माझं वाचनालय! एकेक पुस्तक स्वतःच्या हातानं पुसून, कव्हर घालून लावलंय मी तिथं, आणि त्या जागी येणार काय, घामट चटया आणि हवा गेलेले फुटबॉल!

बरं, मुलांनी गट आपापले निवडायचे होते. सगळ्यांनी निवडून झाल्यावर उरली ती चौतीस माझ्या पिवळ्या गटात. कोण ही? तर खेळाच्या तासाला ज्यांच्या पोटात हमखास दुखतं आणि त्यावर औषध म्हणून जी वाचनालयात येऊन बसतात, ती! त्यांत एक मुलगी आहे, तिला सगळे विश्वकोशच म्हणतात, कारण ती विश्वकोशाचे खंड पहिल्यापासून ओळीनं वाचतेय. तिला म्हटलं, "बाळ, जरा ओरड बघू." तर चष्मा सारखा करत मला विचारते, "कुणावर?"

सराव मैदानावर घ्यावा, तर तिथं लाल गटानं कायमचं ठाण मांडलेलं. मग घेतला वाचनालयात. पण वाचनालयात ओरडायचं कसं? मी आजन्म तिथं कुणाला शिंकूसुद्धा दिलेलं नाही! म्हणून मी म्हटलं, "पोरांनो, इथं कुजबुजत पाठ करा, मैदानावर गेलो की मोठ्यानं म्हणू." इथंच चुकले! पण तेव्हा मला वाटलं, काय माझी अक्कल! तीन आठवडे, अहो तीन आठवडे, ही चौतीस मुलं टेबलाभोवती उभी राहून कुजबुजत होती, "पिवळे, पुढे... पिवळे, ओढा..." एका सुरात, एका श्वासात, ऐकून अंगावर शहारे यायचे.

आला तो शुक्रवार. आमची गाठ नेमकी लाल गटाशी. त्यांची आठ मुलं म्हणजे आठ गोदरेजची कपाटं! आमचे आठ जण दोरी कशी धरायची हे पुस्तकात वाचून आलेले, आणि सगळ्यांत पुढे विश्वकोश. शिट्टी वाजली. लाल गटानं असला गलका केला की काटा नुसता थयथय नाचायला लागला, आणि आमची मुलं घसरत घसरत रेघेपर्यंत आली. मी हात वर करून खूण केली. उरलेल्या सव्वीस जणांनी छाती भरून श्वास घेतला, तोंडं उघडली आणि... कुजबुजले! जसं पाठ केलं तसं, कानामात्रा न बदलता! मी इकडून हातवारे करून सांगतेय, "मोठ्यानं!" पण बघतंय कोण, मुलं पाठांतरात दंग!

पण गंमत बघा. लाल गट हळूहळू गप्प झाला. "काय म्हणतायत रे?" "शाप देतायत का?" दोरी ओढणारे एकमेकांना विचारायला लागले, आणि त्यांचा तो शेवटचा पहाड, त्यानं नीट ऐकू यावं म्हणून दोरीवरचा एक हात सोडून कानामागे धरला! तेवढ्यात आमच्या आठांनी दिला असा हिसका की लाल गट आख्खा रेघेच्या अलीकडे आणि आमची पोरं धुळीत बसकण मारून! विश्वकोश उठली, तळहात सोललेले, चष्मा एका कानावर, आणि मला विचारते, "बाई, यालाच जिंकणं म्हणतात ना?" माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं हो.

आणि हेडसर काय म्हणाले? "छान, छान. पण हार-जीत मोजायची नाही असं ठरलंय. काटा काय म्हणतो?" विज्ञानाचे सर खोक्यात डोकं घालून म्हणाले, "सर, पिवळ्यांचा काटा हललाच नाही. शून्य." "मग पिवळा गट शेवटचा. बाई, सोमवारी कपाटं रिकामी करा."

तुम्हाला सांगते, माझ्या डोक्यात तिडीकच गेली! बावीस वर्षांचं साठलेलं बाहेर आलं! "शून्य? अहो, जी मुलं मैदान खिडकीतून बघायची ती आज मातीत उतरली! हातांची सालपटं निघाली तरी दोरी सोडली नाही त्यांनी! आणि तुम्ही म्हणता उत्साह नाही? त्या खोक्याला काय कळतं हो? हात बघा त्यांचे, हात!" पलीकडच्या इमारतीच्या खिडक्या उघडल्या. फाटकावरचा वॉचमन काठी घेऊन धावत आला.

आणि तेवढ्यात विज्ञानाचे सर किंचाळले, "सर, यंत्र चालूच राहिलं! काटा शेवटाला जाऊन वाकलाय!"

हेडसरांचा चेहरा उजळला. "वा बाई! याला म्हणतात उत्साह! पिवळा गट पहिला!"

उत्साह म्हणे! मुलांचे हात कुणी पाहिलेच नाहीत शेवटी, माझा घसाच पाहिला. आता सगळ्यात खाली काटा उरला निळ्या गटाचा, म्हणून खोली गेली गणिताच्या सरांची, ते आता माझ्याशी बोलत नाहीत. आणि हेडसरांनी मैदानावरचा बिघडलेला माईक दुरुस्तच करायचा नाही असं ठरवलंय, रोज सकाळच्या सगळ्या सूचना आता मी देते, अशाच, उघड्या गळ्यानं! त्यानं झालंय काय, आवाज वर जाऊन बसलाय तो खालीच येत नाही. परवा वाचनालयात एकाला नुसतं विचारलं, "कुठलं पुस्तक हवंय?" तर आख्खी खोली दचकली. विश्वकोश पाचव्या खंडातून मान वर करून म्हणाली, "बाई, जरा हळू. आम्ही वाचतोय." मी म्हटलं, "सॉरी!" तर तेसुद्धा इतक्या जोरात निघालं की तिनं बोटानं दाराकडे दाखवलं. आता मी बाहेर पायरीवर बसून पुस्तकांवर शिक्के मारते. काय करणार... खोली तर वाचली ना!